फायनल न पाहणारी कॉलनी

फुटबॉलच्या वर्ल्ड कपवर मी बहिष्कार टाकला नव्हता. तो माझ्या तोंडून पडला होता.

झालं असं, की स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि मी आमच्या गच्चीवर मोठा पडदा लावून अख्ख्या कॉलनीला मॅच दाखवणार होतो. (शाळेत असताना मी फुटबॉल खेळायचो, असं मी सगळ्यांना सांगतो. शाळेत फुटबॉल होता, एवढं त्यातलं खरं आहे.) त्या रविवारी माझा मेहुणा दिनेश नागपूरजवळच्या मौद्याहून जेवायला आला. दिनेश वेल्डर. दोन वर्षं परदेशात काम करून नुकताच परतलेला. तिकडचं काही विचारलं, की "गरम होते लय," एवढंच सांगायचा. मी उत्साहानं मोबाईल थेट त्याच्या ताटावर धरला.

"पाह्य दिनेश, काय जबरदस्त स्टेडियम बनवलं गा! इथंच फायनल हाये!"

त्यानं हातातला घास तसाच ठेवून बघितलं. "हा डावीकडचा जिना दिसते न, भाऊजी? त्याचं वेल्डिंग म्या केलं."

"अरे वा! म्हणजे घरचंच स्टेडियम!" (कुठं थांबावं, हे मला बावन्नाव्या वर्षीही कळलेलं नाही.)

मग दिनेश पहिल्यांदाच बोलला. पोहोचल्या दिवशीच ठेकेदारानं सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले. एका खोलीत बारा जण. भर उन्हात तापलेल्या लोखंडावर काम. घरी जातो म्हणायची सोय नाही. शेजारच्या खाटेवर बिहारचा रामप्रवेश होता. तो एका दुपारी शिडीवरून उतरून खाली बसला, तो उठलाच नाही.

"कागदावर लिवलं, हार्ट बंद पडलं," दिनेश म्हणाला. "चोवीस वर्षांचा होता, भाऊजी. कशानं बंद पडलं, ते कोणीच नाही लिवलं."

माझी बायको वंदना वाढता वाढता तशीच उभी राहिली. मला ते सोसवेना. मी पाटावर मूठ आपटून गरजलो, "आजपासून या घरात एकही मॅच दिसणार नाही!"

मला वाटलं, वंदना म्हणेल, "जाऊ द्या न जी, तुमाले एवढी आवड हाये." वंदना म्हणाली, "बरं झालं, तुमच्याच तोंडून निघालं." आणि तिनं माझ्याच फोनवरून कॉलनीच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा : पडदा रद्द, बहिष्कार सुरू!

पंधरा मिनिटांत कॉलनीचे अध्यक्ष बोरकुटे काका दारात.

"काहून गा? तू गच्चीवर मॅच नाही पाह्यली तं वर्ल्ड कपवाल्याईचं काय बिघडते? त्याईले नागपूर कुठं हाये हे तरी माहीत हाये काय?"

मला नेमकं हेच म्हणायचं होतं! पण मागे वंदना उभी होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काका, प्रश्न तत्त्वाचा आहे!"

"कोणत्या तत्त्वाचा?"

वंदनानं दिनेशलाच पुढे केलं. काका दारातल्या पायरीवर बसून ऐकत राहिले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "माहा पोरगाही तिकडंच हाये गा. फोनवर सब बढिया म्हणते."

त्या दिवसापासून काका माझ्यापेक्षा कडवे झाले. कॉलनीच्या फाटकावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लावली : 'येथे मॅच पाहिली जात नाही.' घरोघर टीव्ही बंद. लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले. आणि मी? मी आतून वाळत चाललो होतो!

सेमीफायनलच्या दिवशी मी मोडलो.

हॉलमध्ये वंदना, दिनेश, काका आणि कॉलनीतल्या बायका बहिष्काराचे फलक रंगवत होत्या. मी पोट धरून बाथरूममध्ये गेलो. कडी लावली, नळ सोडला, बादली उलटी करून तिच्यावर बसलो आणि मोबाईलवर मॅच लावली. चित्र आलं, पण आवाज येईना. वाढवला. तरी येईना. पूर्ण वाढवला.

आवाज हॉलमध्ये येत होता! सकाळी वंदनानं माझा फोन ब्लूटूथवरून हॉलमधल्या मोठ्या स्पीकरला जोडला होता आणि तो तसाच जोडलेला राहिला होता.

"और येऽऽऽ शानदार गोऽऽऽल!" हॉल हादरला. मग दाराबाहेर वंदनाचा आवाज.

"अजी, पोट कसं हाये?"

"बरं आहे!"

"किती झाले?"

"एक-शून्य!" मी बोलून गेलो.

बाहेर आलो, तेव्हा काका हातात ब्रश धरून पुतळ्यासारखे उभे होते. ब्रशातून लाल रंग आमच्या फरशीवर टपकत होता. "मी विरोधकांचा अभ्यास करून राहिलो होतो," मी म्हणालो. आणि दिनेश हसायला लागला. परत आल्यापासून आम्ही त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आता तो पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. वंदना माझ्यावर ओरडायचं विसरून त्याच्याकडेच बघत राहिली.

"भाऊजी," तो कसाबसा म्हणाला, "एवढी तलफ हाये तं आपणच खेळू न! फायनलच्याच टायमाले!"

ठरलं. कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सात-सात जणांची मॅच. एका बाजूला आमची कॉलनी, दुसऱ्या बाजूला दिनेश आणि त्याच्याबरोबर तिकडे काम केलेले मौद्या-पारशिवनीकडचे सहा जण. वंदना शाळेत खेळाची शिक्षिका, म्हणून ती रेफरी. आमचा गोलकीपर म्हणून माझी एकमतानं निवड झाली. (मी सोडून एकमत.)

फायनलच्या संध्याकाळी प्लॉटवर हॅलोजन लागले आणि बघतो तर काय, गर्दी! जरीपटक्याच्या बाजारातला एक कपडेवाला टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन आला. "भाईसाब, बहिष्कार में हमारा भी नाम लिखो!" दिनेशच्या टीमनं त्या टी-शर्टांच्या पाठीवर मार्करनं नावं लिहिली. स्वतःची नाही. तिकडून जे परतलेच नाहीत, त्यांची. दिनेशच्या पाठीवर होतं, रामप्रवेश.

गणपतीचा माईक काकांच्या हातात. दिनेशच्या टीममधली, दिनेश सोडून कोणाचीच नावं त्यांना माहीत नव्हती. ते दिनेशसकट सगळ्यांच्या पाठीवर दिसेल ते वाचत सुटले.

"बॉल रामप्रवेशकडं! रामप्रवेशनं एकाले चकवलं, दुसऱ्याले चकवलं... अरे रामप्रवेश! गोल! रामप्रवेशचा गोल!"

दिनेश जागच्या जागी थांबला. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि सगळी कॉलनी उभी राहून ओरडायला लागली, "रामप्रवेश! रामप्रवेश!" ज्याच्या मरणाचं कारणही तिकडे कोणी धड कागदावर लिहिलं नव्हतं, त्याचं नाव आमच्या प्लॉटवर भोंग्यातून गरजत होतं. वंदनाला शिट्टी वाजवता येईना. फुंकायला गेली, की हुंदकाच निघायचा.

आम्ही अकरा-शून्य हरलो. प्रत्येक गोलला दोन्ही बाजूंनी टाळ्या! खरी फायनल कोण जिंकलं, हे त्या गर्दीत एकानंही विचारलं नाही. (मीसुद्धा! मोबाईल वंदनाकडे होता, हे खरं, पण विचारलं नाही, हेही खरं.)

मॅच संपल्यावर दिनेशनं येऊन मला घट्ट मिठी मारली. "भाऊजी, मले समजलं. तुमी जाणूनबुजून सोडले न सगळे गोल? आमच्या पोराईसाठी?"

काकांनी ते ऐकलं आणि माईकवरून जाहीर केलं, "असा मोठ्या मनाचा माणूस आपल्या कॉलनीत राह्यते!" लोकांनी मला खांद्यावर उचललं. मी डोळे मिटून, नम्रपणे हात जोडले.

अकराच्या अकरा गोल अडवायला मी जीव तोडून उड्या मारल्या होत्या, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही!