संघात असेल तोवर

दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या जुन्या कॉलेजने काही माजी खेळाडूंना एका बैठकीला बोलावलं. कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलामुलींना दरमहा थोडं मानधन द्यावं का, असा विषय होता. टेबलाभोवतीच्या बहुतेकांनी आयुष्यात कधी घाम पुसला असेल तर तो वीज गेल्यामुळे. एक प्राध्यापक म्हणाले, पैसा आला की खेळाचं पावित्र्य गेलं. दुसरे म्हणाले, खेळाडूने कॉलेजच्या नावासाठी खेळावं. तिसऱ्यांनी दोघांनाही मान डोलावली आणि वेफर्सची बशी स्वतःकडे ओढली. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "द्या. आणि पाय मोडला तरी बंद होणार नाही असं द्या." भर मांडवात शिंकावं तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक झाली असेल तर मला तिचं बोलावणं आलं नाही.

मी तसं का म्हणाले, हे सांगायला त्या दिवशी कोणाला वेळ नव्हता. इथे सांगते.

नव्वदच्या दशकात मी त्या कॉलेजच्या मुलींच्या खोखो संघात होते. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो, आणि मी रोज बसने नाशिकला ये-जा करायचे. खेळण्याबद्दल कॉलेज आम्हाला सरावानंतर दोन केळी द्यायचं, सामन्याच्या दिवशी वडापाव आणि चहा, आणि एक ट्रॅकसूट, जो हंगाम संपला की धुऊन, घडी घालून परत करायचा. माझ्या ट्रॅकसूटच्या गुडघ्याला माझ्या आधीच्या कोणाचं तरी ठिगळ होतं. मला त्याचं काही वाटत नसे. घरी गरम जेवण आणि महिन्याच्या महिन्याला वडिलांचा पगार असला, की माणसाला निर्मळ खेळ फार परवडतो.

संघात एक मुलगी होती, तिला आम्ही सटाण्याची म्हणायचो. संघात गावावरूनच नावं पडायची, मी एकलहऱ्याची होते. सटाण्याची आमच्यातली सगळ्यात चांगली पाठलाग करणारी. तिला खो मिळाला की समोरची मुलगी अर्धी बाद झाली असं समजायचं. वडिलांनी तिला एकाच अटीवर नाशिकला पाठवलं होतं, की राहायचा खर्च मागायचा नाही. पहिले काही महिने ती अंबडला मामाकडे राहिली. मामा कारखान्यात कामाला, घर एका खोलीचं, त्यात मामाची रात्रपाळी असली की दिवसा कोणी भांडंही वाजवायचं नाही. मामी तोंडाने गोड होती, पण पाहुणा तीन दिवसांचा म्हणतात ते काही उगीच नाही. मग सरांनी, म्हणजे आमच्या खेळाच्या सरांनी, तिला मुलींच्या हॉस्टेलात खेळाडूंसाठी राखलेली एक कॉट मिळवून दिली. भाडं नाही, मेसचे पैसे नाहीत. अट एकच. "संघात असेल तोवर," सर म्हणाले.

याला कोणी पगार म्हणत नव्हतं. कॉलेज म्हणायचं सवलत, प्राचार्य म्हणायचे प्रोत्साहन. सटाण्याची मात्र घरी लिहिताना सरळ लिहायची की मला खोखोचं काम लागलंय, राहणं-खाणं त्यांचं. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. ती हसायची आणि लिहायची तेच लिहायची.

बीएच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, सरावात तिचा डावा गुडघा फिरला. आमचं मैदान म्हणजे मुरूम. डॉक्टर म्हणाले, या हंगामात पळायचं नाही, पुढचं पुढे पाहू. पुढचं तिला पाहायचंच नव्हतं. तिला एप्रिलमधली परीक्षा हवी होती आणि त्यानंतर खेळाच्या शिक्षिकेचा कोर्स. तोवर ती कॉट टिकायला हवी होती, आणि कॉट टिकायची तर सरांना गुडघ्याचं कळायला नको होतं.

त्या कॉटवर आणखी एका मुलीचं नाव ठरलेलं होतं. ती पेठ तालुक्यातून आलेली, पहिल्या वर्षाची, सडपातळ आणि भलतीच चपळ. तिचे आईबाप द्राक्षांच्या हंगामात मखमलाबादकडच्या एका बागेत कामाला येत आणि बागेतल्याच झोपडीत राहत. ती त्यांच्याबरोबर राहून कॉलेजला यायची. हंगाम संपला की आईबाप डोंगरात परत जाणार, मग हिने राहायचं कुठे? सरांनी तिला शब्द दिला होता, की पुढची कॉट रिकामी झाली की तुझी. सर वाईट नव्हते. त्यांच्याकडे एक कॉट होती आणि मुली दोन.

आमच्या कॅप्टनने ठरवलं की गुडघा बरा झाला असं सांगायचं. बाराजणींच्या संघात नऊ खेळतात, तीन बाहेर बसतात. सटाण्याची तिघींत बसेल, कॉट राहील, हंगाम निघून जाईल. आम्ही सगळ्या तयार झालो. सरावाच्या वेळी सर आले की आम्ही तिला कडेला उभं करून जोरजोरात सांगायचो, काय पळतेस गं आज! एकीने तर सरांना जाऊन सांगितलं की आता ती आधीपेक्षाही जोरात पळते. अति तेथे माती, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींना हे कोण सांगणार.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. सकाळी सरांनी नऊजणी सांगितल्या, आणि त्यांत सटाण्याची होती. साहजिकच होतं. संघातली सगळ्यात चांगली मुलगी आधीपेक्षा जोरात पळत असेल तर कुठला शहाणा सर तिला बाहेर बसवेल? पेठवालीही नऊजणींत होती. सटाण्याचीचा चेहरा मी पाहिला. ती घाबरलेली नव्हती. खरं सांगायचं तर ती खूश दिसत होती, आणि मला त्याचा राग आला.

कॅप्टनने आम्हाला नळाजवळ गोळा केलं आणि उपाय सांगितला. पळतीच्या वेळी सटाण्याची शेवटच्या तिघींच्या तुकडीत, म्हणजे बहुतेक तिची पाळीच येणार नाही. पाठलागाच्या वेळी तिने चौकोनात बसायचं, आणि तिला कोणीही खो द्यायचा नाही. खोखोत आठजणी ओळीने बसतात, एक आड एक विरुद्ध बाजूला तोंड करून, आणि मागून खो मिळाल्याशिवाय बसलेलीला उठता येत नाही. म्हणजे खो दिला नाही, तर ती सामनाभर सुखरूप बसून राहील. सगळ्यांनी माना हलवल्या. पेठवालीनेही हलवली. सटाण्याची खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती.

खो देणारी उठलेलीच्या जागी बसते, त्यामुळे खेळात सगळ्यांच्या जागा सारख्या बदलत असतात. त्या दिवशी सात जागा बदलत राहिल्या आणि एक बदलली नाही. पहिल्या डावात कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या डावात समोरच्या संघातल्या एका उंच मुलीच्या लक्षात आलं. ती पळत यायची आणि सटाण्याचीच्या अगदी तोंडासमोर येऊन थांबायची. तिथे तिला काही धोका नव्हता. ती चक्क कमरेवर हात ठेवून दम खायची. दोघींमध्ये हातभर अंतर असेल. सटाण्याची टाचा उचलून, बोटांवर जोर देऊन बसलेली, उठायच्या तयारीत, आणि समोर ती उंच मुलगी श्वास घेत उभी.

मी पाठलागावर होते तेव्हा सटाण्याचीच्या मागून गेले. तिने मान वळवली नाही. हळूच, गावाकडच्या बोलीत म्हणाली, "माले दे."

मी नाही दिला. पलीकडच्या मुलीला दिला. तेवढ्यात ती उंच मुलगी निघून गेली.

पुन्हा माझी पाळी आली, पुन्हा मी तिच्या मागून गेले. "माले दे ना, समोर शे ती." आवाज तोच, फक्त घाईचा. मी तेव्हाही दिला नाही. मला वाटत होतं की मी एप्रिलची परीक्षा वाचवते आहे.

शेवटी शेवटी बरोबरी झाली होती. जिंकायला एक गडी हवा होता, आणि राहिलेली मुलगी तीच, उंच. ती पुन्हा त्या चौकोनासमोर येऊन उभी राहिली. वेळ संपत आली होती. पाठलागावर पेठवाली होती. ती धावत आली आणि सटाण्याचीच्या पाठीवर हात मारून मैदानभर ऐकू जाईल असं ओरडली, "खो!"

सटाण्याची उठली असं म्हणता येणार नाही. तिने बसल्या जागेवरून अंग पुढे फेकलं. उंच मुलगी गाफील होती, पण शेवटच्या क्षणाला वळली. सटाण्याची मुरमावर पालथी पडली आणि तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो. आम्ही सगळ्या नाचत होतो, आणि ती तिथेच पडून हसत होती. थोड्या वेळाने कळलं की तिला उठताच येत नाहीये.

गुडघा संध्याकाळपर्यंत भोपळ्याएवढा झाला आणि सगळं सरांना कळलं. ते ओरडले, तुम्ही मला फसवलंत म्हणाले, आणि ते खरंच होतं. नंतर त्यांनी सटाण्याचीच्या उशाशी बसून तिला स्वतःच्या हाताने बर्फ लावला. पण कॉटचं मात्र ते काही करू शकले नाहीत. प्राचार्यांनी बक्षीस समारंभात खेळ हा खेळासाठीच असतो यावर सुंदर भाषण केलं, ढाल हातात घेऊन फोटो काढला, आणि त्याच आठवड्यात हॉस्टेलातून निरोप आला की सदर विद्यार्थिनी यापुढे संघात नसल्याने जागा रिकामी करावी. कामापुरता मामा म्हणतात तो हाच. तिला पगार देत नव्हते, त्यामुळे कोणी तिचा पगार बंद केला असंही म्हणता येईना.

आम्ही सगळ्यांनी राग पेठवालीवर काढला. कॅप्टनने तिला नळाजवळच गाठलं. "तुला कॉट हवी होती ना?"

"हवी व्हती," पेठवाली म्हणाली.

ती नाही म्हणेल असं आम्ही धरून चाललो होतो.

"पण खो त्याच्यासाठी नाय दिला. पळणारी तिच्या पुढ्यात उभी व्हती. मंग दुसऱ्या कोणाला देऊ?"

मला तेव्हा ते पटलं नाही. मला वाटलं, भलतीच धूर्त पोरगी आहे. आज एवढंच म्हणेन की तिच्या पोटात काय होतं ते मला माहीत नाही, पण खो बरोबर होता.

सटाण्याचीला न्यायला तिचा भाऊ आला. मी जुन्या स्टँडपर्यंत बरोबर गेले. भाऊ सटाण्याला जाणारी गाडी कुठे लागते ते बघायला गेला आणि आम्ही दोघी बाकावर बसलो, तिचा पाय तिच्या लोखंडी पेटीवर. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "पेठवालीने खो दिला नसता तर आज तू इथे बसली नसतीस."

ती माझ्याकडे वळली. चिडली की तिचं बोलणं सगळं गावाकडचं व्हायचं, पण त्या दिवशी ती मला नीट समजावं म्हणून सावकाश, शहरातलं बोलली.

"ती मुलगी माझ्या तोंडासमोर उभी राहून दम खात होती. अख्खा डाव. मागून पावलं आली की मी म्हणायची, आता. तुझी पावलं मला ओळखू येतात. तू दोनदा आलीस." मग म्हणाली, "कॉटसाठी नुसतं बसून राहायचं असतं, तर मी घरीच बसली असती ना गं."

मी म्हटलं, तुझी परीक्षा गेली असती. ती म्हणाली, "ती तर गेलीच." भाऊ परत आला. त्याने पेटी उचलली, मी तिला खांदा दिला. मला फार वाईट वाटत होतं आणि थोडा रागही येत होता, तिच्यावर, की हिला आमचे उपकार कळत नाहीत.

तिने त्या वर्षी परीक्षा दिली नाही, नंतरही दिली नाही. पेठवाली त्या कॉटवर राहून पदवीधर झाली आणि एका आश्रमशाळेत शिक्षिका झाली. आमच्यातल्या चौघींची त्या विजयामुळे विद्यापीठाच्या संघात निवड झाली, मीही त्यांत होते. त्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. ती मी आजही करते. शेवटचा गडी सटाण्याचीने बाद केला होता, आणि त्याचा पगार दर महिन्याला माझ्या खात्यात जमा होतो.