भाऊसाहेबांचं सागवानी धनुष्य

धनुष्य मोडलं तेव्हा भाऊसाहेब सागवानाची तारीफ करत होते. तारीफ अर्ध्यावर राहिली. एक तुकडा वर माझ्या शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळला, दुसरा माझ्या पायाशी पडला.

भाऊसाहेब म्हणजे सिरसाळ्याकडच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. शाळा, मंगल कार्यालय आणि चार गावांचं राजकारण एवढा व्याप कमी पडला म्हणून त्यांनी मुलींचं धनुर्विद्या केंद्र काढायचं ठरवलं. मी गेवराईचा मिस्त्री. दारं-खिडक्या करता करता लाकडी धनुष्यांकडे वळलो, आता तोच धंदा आहे. ऑर्डर अशी होती की धनुष्य सागवानाचंच हवं, तेही त्यांच्याच शेतातल्या सागवानाचं. का, तर सागवान महाग. महाग वस्तू कुठंही चालते, अशी आपल्याकडे समजूत आहे.

सागवान वाईट नाही. त्याचं दार करा, पलंग करा, नातवंडं वापरतील. पण दाराचं काम जागेवर उभं राहणं आणि धनुष्याचं काम वाकून परत सरळ होणं. सागवानाला जास्त वाकायला सांगितलं की ते मोडतं. मोठ्या घराण्यांना हे लाकूड का आवडतं, ते मला त्या दिवशी कळलं.

वाकायला धामण लागते. डोंगरउतारावर होणारं साधं झाड. पूर्वी कावडीचे नि कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करायचे. मी ती आष्टीकडच्या एका धनगराच्या बांधावरून आणतो. सरळ, बिनगाठीचा बुंधा निवडायचा, उभा चिरायचा, कापलेल्या टोकांना शेण थापायचं म्हणजे ती तडकत नाहीत, आणि सावलीत ठेवून विसरून जायचं. याला सीझनिंग म्हणतात. लाकूड वाळायला वर्ष घेतं आणि वर्षभर गिऱ्हाईक फोन करतं. वाळल्यावर सालीखालची बाजू न दुखावता आतून थोडं थोडं तासायचं. मधूनमधून खुंटीला अडकवून दोरी ओढायची आणि मुठीच्या वरची-खालची दोन्ही पाती सारखी वाकतात का बघायचं. भाऊसाहेबांचं सागवान या खुंटीवरच गेलं.

केंद्राच्या कोच सानप मॅडम सोबत आल्या होत्या. त्यांनी मोडका तुकडा उचलला आणि टोकावर बोट फिरवलं.

"दोरी ओढताना धनुष्य तोंडापाशी असतं, भाऊसाहेब. हे एखाद्या पोरीच्या डोळ्यात गेलं असतं."

भाऊसाहेब म्हणाले, आधी उद्घाटन पार पडू द्या, पाहुणे यायलेत. मग माझ्याकडे वळले. "मिस्त्री, कावून मोडलं हे? तुमच्या हातातच खोट दिसती."

मी राग गिळला. माळ्यावर वाळलेली धामण होती, ती काढून दाखवली. लाकडाचं नाव दोनदा सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं, पण कार्यक्रम तोंडावर आला होता. करा म्हणाले.

उद्घाटनाला त्यांनी धामणीच्या धनुष्यानं बाण मारला. टार्गेट इतकं जवळ होतं की चप्पल फेकली तरी लागली असती, पण बाण लागला आणि टाळ्या पडल्या. मग माइकवर त्यांनी सांगितलं की हे धनुष्य माझ्या वावरातल्या सागवानाचं आहे. मी समजून घेतलं. भाषण आधीच लिहून झालेलं. लाकूड बदललं म्हणून भाषण कोण बदलतं? पण पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांतही त्यांनी तेच सांगितलं. खोटी गोष्ट माइकवर फार वेळा बोलली की आधी बोलणाऱ्यालाच पटते.

मग एक दिवस माझ्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला. ट्रॉलीत सागवानाचे ओंडके. निरोप होता की सगळ्या पोरींची धनुष्यं यातूनच करा.

मी सिरसाळ्याला गेलो आणि म्हणालो, भाऊसाहेब, बाण मारला ती धामण होती.

"मी सोताच्या हातानं मारलाय," ते म्हणाले. "समद्या गावानं पाह्यलं. तुमाला जमत नसंल तर परळीत सुतार लई हायेत."

हे ऐकून मात्र मला भीती वाटली. दुसरा सुतार बिचारा सांगितलेलं करील, वर चांगलं पॉलिश मारील, आणि पोरी ओढतील. सानप मॅडम म्हणाल्या, मी राजीनामा देते. मग पोरींना थांबवणारं कोण उरलं असतं? त्यापेक्षा मी नाही म्हणायचंच सोडलं. एक सागवानी धनुष्य केलं, झकास फिनिशिंग केलं आणि केंद्रावर घेऊन गेलो.

मैदानात पोरी रांगेत उभ्या होत्या, फोटोग्राफरही आला होता. भाऊसाहेबांनी पुढच्या पोरीला हाक मारली. मी धनुष्य तिच्याकडे न देता त्यांच्याच हातात दिलं.

"पहिलं तुमी ओढा. तुमच्या हाताचा गुण हाय."

त्यांनी धनुष्य धरलं. हात लांब केला, दोरीला बोटं लावली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. दोरी तसूभर हलली नाही. फोटोग्राफर कॅमेरा लावून तसाच उभा होता. शेवटी भाऊसाहेबांनी धनुष्य खाली घेतलं.

"खांद्यात चमक हाय सकाळधरनं."

"मग पोरीला देऊ?"

त्यांनी धनुष्य माझ्याकडे परत दिलं. "नको," म्हणाले. मग हळूच, "पोरींना ते मागलंच लाकूड लावा."

धामण हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, मीही आग्रह धरला नाही. पोरी आता धामणीवर सराव करतात. भाषणात अजून सागवानच असतं. मोडायला भाषणाला थोडीच दोरी असते!

लोक म्हणतात मला लाकडाची पारख आहे. पारख कसली? ज्याला सगळ्यात जास्त खात्री असते, त्याच्या हातात मी आधी दोरी देतो.