न झोंबणारं औषध

शिवाजी पेठेतल्या धर्मादाय दवाखान्यात सुगरा मुल्लाणी वीस वर्षं जखमा बांधत होती. पू, वास, किडे, कशाचीच तिला किळस नव्हती. किळस होती ती शहाण्यांची. जखमेत चुना भरून येणारे, तंबाखू लावून येणारे, आणि वर "बाई, जरा हळू" म्हणणारे.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात भाऊसो आला. तालमीच्या फुटबॉल संघाचा एकेकाळचा गोलकीपर, पंधरा वर्षांचा साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. सुगरानं चिमट्यानं आतून चपलेचा बारका खिळा काढला. चार दिवस हा गडी तो खिळा घेऊन गावभर हिंडत होता.

"कळलं बी न्हाय बघा. मर्दाचा पाय हाय," भाऊसो म्हणाला.

"मर्दाचा न्हाय, मेलेला हाय."

त्याची बायको तानूबाई खाली बघत राहिली. सुगरानं सलाईननं जखम धुतली, आयोडीनचा हलका बोळा ठेवून पट्टी बांधली. रोज यायचं, अनवाणी चालायचं नाही, घरी काही ओतायचं नाही, असं दोनदा बजावलं. पण झोंबत नाही ते भाऊसोच्या लेखी औषधच नव्हतं. मिठाच्या पाण्यानं कुठं जखम भरते होय, म्हणत तो गेला तो फिरकलाच नाही.

घरी त्यानं जंतुनाशकाची बाटली आणली आणि पाणी न घालताच ओतली. झोंबेना. मग दिवसातून दोनदा, मग चारदा. दुकानदाराला शिव्या घालून त्याहून जहाल बाटली आणली. साखरेनं पायाची जाणीवच गेलीय, हे त्या टाळक्यात काही शिरलं नाही.

अठराव्या दिवशी तानूबाईनं त्याला रिक्षात घालून आणलं. जखमेच्या कडा उकडलेल्या मटणासारख्या पांढऱ्या, अंगठा काळाठिक्कर. मोठ्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला.

त्यानंतर सुगरा भाऊसोशी बोललीच नाही. हात कसे धुवायचे, पट्टी कशी बदलायची, रोज तळवा कसा बघायचा, सगळं तिनं तानूबाईला शिकवलं. भाऊसोनं मध्ये तोंड घातलं, की ती त्याच्याकडं गोठ्यातल्या म्हशीकडं बघावं तशी बघायची.

दिवाळीपर्यंत जखम भरली. अंगात रग होती म्हणून निभावलो, असं भाऊसो तालमीत सांगत सुटला. तानूबाईनं ते दबक्या आवाजात सुगराच्या कानावर घातलं.

"बोलू दे," सुगरा म्हणाली. "बाटली तेवढी त्याच्या हाताला लागू दिऊ नगंस."