सगळ्या खोक्यांत एकच पासवर्ड

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ते प्रकरण आठवलं की माझी मान खाली जाते.

इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीत राहणारी एक नोकरदार बाई माझ्या पोलीस ठाण्यात आली. सासू अंथरुणाला खिळलेली. ऑफिसमधून लक्ष ठेवता यावं म्हणून तिने ऑनलाइन स्वस्तातला कॅमेरा मागवला होता. कुणीतरी निनावी मेसेज करून तिला एक लिंक पाठवली. त्या व्हिडिओत ती सासूचं अंग पुसत होती.

"साहेब, आईंना सांगितलेलं नाही. कॅमेरा का काढला, म्हणून सारखं विचारतायत."

गुन्हा नोंदवून कॅमेरा जप्त केला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. कॅमेरा बसवणारा इलेक्ट्रिशियन राई गावचा, पासवर्ड त्यालाही माहीत होता, असं ते म्हणाले. मला काम सोपं वाटलं. भर दुपारी, सोसायटीच्या गेटवर, चारचौघांदेखत त्याला गाडीत बसवलं. दोन दिवस सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. मोबाइल तपासला, आवाज चढवला. त्याचं एकच उत्तर.

"सायेब, मी वायर जोडली न् निंगालो. माझ्या घरात पन म्हातारी आई हाय. मी असा न्हाय करनार."

तिसऱ्या दिवशी आमच्या महिला हवालदाराने तसाच नवा कॅमेरा आणून माझ्या टेबलावर खोकं फोडलं. आतल्या कागदावरचा पासवर्ड जप्त केलेल्या कॅमेऱ्याला टाकला. तो उघडला.

"साहेब, सगळ्या खोक्यांत हाच पासवर्ड. बदला म्हणून कुठे लिहिलेलंच नाही."

कॅमेऱ्यात कोण शिरलं याचा माग परदेशात जाऊन थांबला. कंपनीच्या वकिलाने कळवलं, ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या. मी सरकारी वकिलांशी वाद घातला, की असा माल विकणाराच आरोपी हवा.

"कलम दाखवा," ते म्हणाले. "खाजगी माहितीचा कायदा मंजूर झालाय, पण नियम अजून यायचेत. बाईंना ग्राहक आयोगात जाऊ द्या."

मी तिला तसं सांगितलं. "म्हणजे तो व्हिडिओ तिथेही दाखवायचा?" तिने विचारलं. ती गेली नाही.

इलेक्ट्रिशियनला मोबाइल परत दिला, तेव्हा तो म्हणाला, "माझा काय दोष न्हाय, ह्या सोसायटीला कोन सांगनार?"

"कळवतो," मी म्हटलं. मग बंदोबस्त लागला, बदली झाली, राहून गेलं.

निवृत्तीनंतर एकदा त्याला भेटायला राईला गेलो. सोसायट्यांची कामं बंद झाल्याने तो वसईला बिऱ्हाड घेऊन गेल्याचं शेजाऱ्याने सांगितलं. दाराला कुलूप होतं.

हल्ली अशा कायद्यांवरच्या चर्चेला मला बोलावतात. विकणाऱ्यावर जबाबदारी टाका, असं मी तिथे ठासून सांगतो. कंपनीला हात लावायला तेव्हा माझ्याकडे कलम नव्हतं, हे खरंच आहे. सेक्रेटरींना एक फोन करायला मात्र कुठलंच कलम लागत नव्हतं. तो मी केला नाही.