चंद्रीआत्या

आमच्याकडे पणजीचा एकच फोटो आहे. त्यात ती खाली मान घालून उभी आहे. ती फार कमी बोलायची, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. तिच्याबद्दल आणखी काही कळेल म्हणून परवा मी तिच्या माहेरी, नदीकाठच्या गावी गेले. तिथल्या ओसरीवर बसलेल्या एका आजोबांना तिचं नाव काही ओळखू येईना. ते सासरचं होतं. मग तिच्या वडिलांचं नाव सांगितलं.

“म्हणजे आमची चंद्रीआत्या!” आजोबा हसले. “बाप सांगायचा, तिची हाक नदीपलीकडं ऐकू जायची.”

नावाबरोबर आवाजही माहेरीच ठेवून ती आमच्या घरी आली असावी.

आजोबांनी आत वळून सुनेला सांगितलं, “चंद्रीआत्याची पणती माहेरपणाला आलीय. भाकरी टाक.”