दोन बोटं माया

त्या शनिवारी सकाळी माझी मैत्रीण आली तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या जीन्सची उंची कमी करत होते. इथं परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये माझं मशीन आहे. आठवडाभर माउंट वेलिंग्टनचं ऑफिस आणि शनिवारी हे शिवणकाम. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, वृद्धाश्रमात काम करते. आमच्या दोघींच्या मुली एकाच शाळेत, तिथल्या गेटपाशी आमची ओळख झाली, त्याला चार वर्षं झाली. ती रवांडाची आहे आणि तिची आई आणि धाकटी बहीण तिथल्या नरसंहारात गेली, एवढं मला माहीत होतं. त्यापुढे मी कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ऐकायची भीती वाटायची.

तिनं फोन मशीनवर पालथा ठेवला.

"गावात खड्डा सापडलाय," ती म्हणाली. "केळीच्या बागेखाली. त्यात पुरलेल्या माणसांचे कपडे धुऊन, वाळवून फोटो पाठवलेत. ओळखू आले तर सांगायचं."

"तू बघितलेस?"

"नाही. तू आधी बघ. तुला शिवण कळते."

ती अकरा वर्षांची असताना तिला शाळेसाठी सीमेपलीकडे नातेवाइकांकडे ठेवलं होतं, म्हणून ती वाचली. बहीण सहा वर्षांची. आईनं दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक शिवले होते, पिवळे, पांढऱ्या ठिपक्यांचे. हातानंच, मशीन नव्हतं. मुली वाढतील म्हणून खाली भरपूर कापड दुमडलेलं. तिनं दोन बोटं आडवी धरून दाखवलं. आपल्याकडे अशा राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. तिला ते इंग्रजीत सांगायला गेले आणि मला जमलं नाही.

मी फोन उलटला. प्लास्टिकच्या कागदावर एकेक कपडा, शेजारी नंबराची चिठ्ठी. सगळ्यांचा रंग चहासारखा झालेला. शर्ट, लुंगी, एक लहान मोजा. चुकून नाही म्हटलं तर ती पोर पुन्हा हरवणार होती, आणि चुकून हो म्हटलं तर दुसऱ्याच कुणाचं मूल हिच्या पदरात पडणार होतं.

तेवढ्यात माझी मुलगी आत आली, खांद्यावरून डोकावली. "मम्, आर दीज फ्रॉम द ऑप शॉप?" जुन्या कपड्यांच्या दुकानातून आम्ही बरंच काही आणतो. मी फोन छातीशी धरला आणि तिला ओरडून बाहेर घालवलं. मैत्रीण भिंतीकडे बघत बसली होती.

बऱ्याच फोटोंनंतर एक फ्रॉक आला. ठिपके होते की डाग, सांगता येईना. मी फोटोतला घेर स्क्रीनवर मोठा करून बघितला.

"खाली रुंद पट्टी दुमडलीय," मी म्हणाले. "धावदोरा आहे, दुहेरी. दर चार टाक्यांनी एक टाका उलटा."

तिनं तोंडावर हात ठेवला. "आई तसंच करायची. उसवू नये म्हणून."

मग तिनं स्वतः फोटो बघितला. रडली नाही. चहा मागितला.

"खड्डा कुणी दाखवला?" मी विचारलं.

"शेजाऱ्यानं. आमच्या घराचं छप्पर त्यानंच घातलं होतं. मारणाऱ्यांत तो होता. शिक्षा भोगून आला, तिथंच राहतो. गावातच असलेल्या माझ्या मावशीला रोज नमस्कार करायचा. आता म्हातारा झाल्यावर बोलला."

"मावशी त्याच्या शेजारी कशी राहते?"

"भीत भीत." कप खाली ठेवून म्हणाली, "कत्तलीच्या आधी रेडिओवर आम्हाला झुरळं म्हणायचे. तेव्हा तो हसायचा. आईला वाटायचं, हसतोय म्हणजे मनावर घेत नाही."

ती गेल्यावर मी माझा फोन उघडला. आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर महिन्याभरापूर्वी एका भावानं पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना हाच शब्द वापरला होता. खाली हसरे चेहरे. त्यात एक माझा होता. मी शोधून काढला आणि खात्री करून घेतली. मग लिहिलं, "हा शब्द वापरू नका. माझंही हसणं चुकलं." संध्याकाळी काकूचा मला एकटीला मेसेज आला, "बाळा, तू तिकडे बरी आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी समोरचे आजोबा नेहमीसारखी फिजोआंची पिशवी दाराशी ठेवून गेले. त्यांच्या झाडाची फळं, दर वर्षी देतात. काचेतून त्यांची पाठ दिसली आणि मी पडद्यामागे सरकले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. मग लाज वाटली. पण दार उघडलं नाही.

खड्ड्यात सापडलेल्यांच्या दफनाच्या आदल्या संध्याकाळी तिथं गावात जागर होता, तेव्हा इथं पहाट. इथल्या रवांडाच्या लोकांनी एक हॉल घेतला होता. पंचवीसेक माणसं, पडद्यावर गावातलं मैदान. पांढऱ्या कापडाखाली पेट्या. हाडं एकमेकांत मिसळलेली होती, कुणाची कुठली ते कळण्यासारखं नव्हतं. ज्यांची ओळख पटली त्यांची नावं वाचत होते. तिच्या आईचं नाव त्यांत नव्हतं. बहिणीचं नाव आलं तेव्हा हिनं "आहे" म्हटलं, शाळेत हजेरी देतात तसं. मग माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

जुलैच्या सुट्टीत ती एकटीच तिकडे गेली. विमानतळावर सोडताना म्हणाली, "तो शेजारी समोर आला तर काय करू?" मी म्हणाले, "मावशीला सोडून कुठं जाऊ नकोस." याहून शहाणं मला काही सुचलं नाही.

चार दिवसांनी ऑफिसात जेवताना तिचा मेसेज आला. "तो रस्त्यावर भेटला. नमस्कार केला. मीही केला. घरी आले आणि मला उलटी झाली."

माझा डबा तसाच राहिला. मी लिहिलं, "दार लावून घे."

"लावलंय," तिनं लिहिलं. "मावशी म्हणते, आणखी दोन कपड्यांचे फोटो आलेत. बघशील?"

मी हो लिहिलं, आणि फोटोंची वाट बघत तिथंच बसून राहिले.