शंकेची खुर्ची

हिरेमठ बाई गेल्याचा फोन शेजारच्या मोमीनचाचींच्या घरी आला. निरोप घेऊन मी परत आले तेव्हा आबा मागावरच्या पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते, केसांत कापसाची पिंज तशीच होती. मी सांगितलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "कुणी सांगितलं? खात्री करून घेतलीस काय?" अशा वेळी माझे वडील असं का बोलतात, हे परक्याला विचित्र वाटेल. पण बाईंना ते आवडलं असतं... असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

बाईंना जाऊन आता महिना होत आला. त्यांच्याबद्दल मी लिहावं असं त्यांच्या अभ्यासवर्गातल्या मुलांनी सुचवलं, पण मी बिचकत होते, कारण सुरुवातीला कितीतरी दिवस मला बाईंचा संशयच येत होता. माझं कॉलेज ज्या शहरात, तिथल्या राजारामपुरीत एका शिकवणीच्या वरच्या मजल्यावर त्या अभ्यासवर्ग चालवायच्या. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा मुलामुलींसाठी. फी नव्हती. फुकट शिकवते म्हणजे काहीतरी गोम असणार, असं इचलकरंजीत आमच्या गल्लीत सगळेच म्हणत, आणि मनातून मीही. त्यात त्यांचा एक नियम होता. शनिवारी आम्हीच अभ्यासाबाहेरचा एखादा उपक्रम सुचवायचा. सहल, भित्तिपत्रक, काहीही. सुचवणाऱ्यानं उभं राहायचं आणि समोरच्या वेताच्या खुर्चीत बसेल त्यानं फक्त शंका काढायच्या. कौतुक करायचं असेल तर उठून दुसरीकडे बसायचं. एखाद्या बेतावर शंकाच निघाली नाही तर बाई तो बाजूला ठेवत. "सगळ्यांना आवडलं म्हणजे कुणी ऐकलेलंच नाही," म्हणत. आमचे बेत हाणून पाडायची ही युक्ती आहे, याबद्दल मागच्या बाकांवर एकमत होतं.

मी नाटुकलं सुचवायचं ठरवलं. मुलींनी बसवायचं आणि आपापल्या गल्लीत करायचं. त्या शनिवारी उभी राहिले, आणि दारात आबा! वर्ग संपवून मला घरी पोचायला उशीर व्हायचा, आणि कॉलेज सुटल्यावर पोरगी जाते कुठं, हा किडा त्यांच्या डोक्यात बरेच दिवस होता. आईला त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, "एकदा जाऊन बघतो. न्हाय पटलं तर कॉलेज बंद." बाई मात्र उठून म्हणाल्या, "या पावणं, वेळेवर आलात. ही खुर्ची तुमचीच."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"शंका येती न्हवं? मग झालं की."

मागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे आबांना हळू बोलता येत नाही. पहिल्याच प्रश्नाला खालच्या शिकवणीतली मुलं जिन्यात येऊन उभी राहिली. "नाटकात पोरं असणार?" नाही म्हटलं. "तालीम कवा?" दुपारी, शेवटच्या तासानंतर. "आन् गाडी चुकली तर? उडत येणार हाईस?" सगळे हसले. वडिलांना समोरून उत्तर द्यायची आमच्या घरी पद्धत नाही, आणि इथे उत्तर दिलं नाही तर शिक्षण संपणार होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून खालच्या रिक्षा बघत बसलेल्या. शेवटी मीच म्हणाले, उजेडातली गाडी धरू, त्यासाठी नाटुकलं छोटं करू. "बरं. आन् ह्याचा उपयोग काय?" याचं उत्तर मी पाठ करून आणलं होतं, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे. तोंडातून निघालं ते वेगळंच. "म्हाईत न्हाय, आबा... पण मला करून बघायचं हाय."

आबांनी मान खाजवली. मग बाईंना म्हणाले, "म्हाईत न्हाय म्हणती. म्हंजे खोटं तर बोलत न्हाय. बघू दे करून."

पुढे सुट्टी असेल तेव्हा आबा शनिवारी येऊन त्याच खुर्चीत बसू लागले. बाई मूळच्या संकेश्वरच्या. "आले आमचे शंकेश्वर!" म्हणून त्या खळखळून हसायच्या. माझा एक संशय मात्र फिटला नाही. एकदा मी विचारलंच, "बाई, त्या दिवशी आबांना तुम्हीच बोलावलं होतं काय?" त्या म्हणाल्या, "शंका चांगली आहे. जपून ठेव." त्या गेल्यावर आबांना विचारलं, तर म्हणतात, "बाईंनी सांगू नको म्हटलं असंल, तर मी सांगीन व्हय?"

मागच्या आठवड्यात त्याच खोलीत शोकसभा झाली. बाईंचा फोटो हार घालून वेताच्या खुर्चीवर ठेवला होता. बाईंच्या नावानं मोठी वक्तृत्व स्पर्धा भरवावी, असं एका पाहुण्यांनी सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाच शंका नव्हती... आबा उठले, दोन्ही हातांनी फोटो उचलून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले.

"ही स्पर्धा कुणासाठी? जिला चार माणसांत उभं ऱ्हायचं भ्या वाटतंय, त्या पोरीनं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

"अहो, आज दुःखाचा प्रसंग आहे," पाहुणे म्हणाले.

"म्हणून तर इचारतोय की."

पाहुणे खाली बसले. आबा माझ्याकडे वळले, तशी वेताची खुर्ची नेहमीसारखी करकरली. दुसरं काहीतरी सुचवायला मी उभी राहिले.